कुसुमबागेच्या तीन फेऱ्या

एका राज्यात शीलध्वज राजाची कुसुमबाग होती. तिथे कारंज्यांच्या काठाने सात गाणारे-वाजवणारे दिवसभर फिरत. बाग पाहायला आलेल्यांपाशी जावे, एखादी चीज ऐकवावी, पुढे निघावे, असा त्यांचा नित्यक्रम. मृदंग वाजवणारा सोमदत्त ताफ्याचा नायक होता. त्याची बायको हेमकला त्याच ताफ्यात सारंगी वाजवी.

हेमकला माहेरी गेली असता अग्निजिव्ह नावाचा मांत्रिक बागेत आला. म्हणाला, "आजपासून केवळ माझ्यासाठी वाजवा."

सोमदत्त म्हणाला, "बागेत येईल त्याच्यासाठी आम्ही वाजवतो."

मांत्रिकाने भस्म फुंकले. सहाही जण संगमरवरी झाले, कारंजी आटली. बागेत जो थांबेल तो दगड होईल, असा शाप पडला.

हेमकला परतली ती थेट दरबारात गेली.

"बाई, फाटकाला कुलूप आहे," राजा म्हणाला. "आत गेलेले माझे चार शिपाई शिळा झाले."

"महाराज, कुलूप काढावे. माझी माणसे आत उभी आहेत."

राजाने स्वहस्ते कुलूप काढले. तेव्हा कमानीवरची साळुंकी बोलली, "बागेला तीन फेऱ्या घाल. हात थांबू नये, पाऊल थांबू नये. शाप सुटेल."

हेमकलेने सारंगी कमरेला घट्ट बांधली, गज उचलला आणि ती चालू लागली.

पहिल्या फेरीत वाटेवर खोडाएवढा नाग आडवा पडला होता. त्याने फणा काढला. तिने लय मोडली नाही. वाजवत वाजवत त्याला ओलांडून गेली.

दुसऱ्या फेरीत मांत्रिकाने वाटभर माणके पसरली. ते शापित धन पायाखाली निखाऱ्यासारखे जळे. तिचे तळवे फोडांनी भरले. तिने दात आवळले. गज चालूच राहिला.

तिसऱ्या फेरीत सोमदत्ताच्या पुतळ्यातून त्याचाच आवाज आला, "हेमे, किती दमलीस! क्षणभर थांब. माझा हात धर."

तो हात वाटेवरच पुढे आला होता. वर्षानुवर्षांचा ओळखीचा हात. तिचे डोळे भरले.

"फेरी पुरी करून धरीन," ती म्हणाली, आणि रडत रडत, वाजवत वाजवत पुढे गेली.

ती फाटकाशी पोहोचताच कारंजी उसळली. मृदंगावर थाप पडली. शिपाई अंग झाडत उठले. अग्निजिव्हाची विद्या गळून गेली; साधा म्हातारा होऊन तो मुकाट्याने राज्याबाहेर चालता झाला.

सोमदत्त धावत आला. "हेमे, केव्हापासून चालते आहेस?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला. तो ऊन होता.

राजाने फाटक सताड उघडवले. माणसे, लेकरेबाळे पुन्हा बागेत आली. हेमकला कारंज्याच्या पायरीवर बसली, पोळलेले पाय तिने पाण्यात सोडले. आणि त्या दिवशी ताफ्याने पहिली चीज तिला ऐकवली.