माळसोंड्याच्या तळ्याची साक्ष

त्या वर्षी केसोबुवा महाराजांचा मुक्काम माळसोंडे गावी, तळ्याकाठच्या देवळात होता. गाव कोष्ट्यांचे. एके काळी घरोघरी स्वतःचा माग होता. महाराज आले तोवर सगळे माग नागोशेटचे झाले होते. सुताची वखार त्यांची, किराण्याचे दुकान त्यांचे, आणि देवळाचा पुजारीही त्यांनीच नेमलेला. भाविकहो, गावाचे म्हणून एक तळे तेवढे उरले होते. रंगाच्या भट्ट्यांसाठी शेटना आता तेही हवे होते.

गावाची रीत अशी की, मोठा निर्णय देवळापुढे व्हायचा. घरटी एकाने तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायचे आणि मनात असेल ते बोलायचे.

सभा भरली. महाराजांची भक्त भिवराबाई ही विधवा कोष्टीण, शेटच्याच मागावर पोट भरणारी. तिने पहिली ओंजळ भरली.

"तळं गावाचं हाय. त्यात रंग सोडल्यावर प्यायचं काय? माझं न्हाई म्हणून धरा."

नागोशेट हसले. "भिवरे, माग माझा, अंगावरचं लुगडं माझ्या दुकानातलं. मग हे 'न्हाई' कुठनं आणलंस? उद्या माग उचलून नेतो, मग बोल."

सगळी सभा हसली. ती मात्र ओंजळ धरून तशीच उभी राहिली.

मग एकेक जण उठला. "तळं शेटना द्यावं," असे पहिला म्हणाला आणि त्याच्या ओंजळीतले पाणी नाहीसे झाले. एक थेंब खाली सांडला नाही! दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचे तेच. प्रत्येकाने आपले कोरडे हात पाहिले, धोतराला पुसले आणि तो खाली बसला. बोललेला शब्द मात्र एकानेही मागे घेतला नाही. हे सांगताना आजही जीव तुटतो.

"बुवाचं थोतांड आहे," म्हणत शेटनी स्वतः ओंजळ भरली. तीही आटली. चिडून त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर तोही कोरडा. घशाला कोरड पडली, जीभ आत ओढली जाऊ लागली. ते तळ्याकडे धावले आणि पायरीवरच कोसळले.

"भिवरा, पाज त्यांना," महाराज म्हणाले.

"म्हाराज, ह्यो उद्या माझा माग नेणार."

"ठाऊक आहे मला."

ती क्षणभर घुटमळली. मग खाली बसून तिने आपल्या ओंजळीतले पाणी त्यांच्या तोंडात सोडले. शेटनी डोळे उघडले, सरपटत येऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, महाराज. तळं गावाचंच राहील. बाईच्या मागाला हात लावणार नाही."

तेवढ्यात मागे सळसळ झाली. सगळी सभा जमिनीला कपाळ टेकून वाकली होती. कुणीतरी नागोशेटच्या नावाने जयजयकार केला, आणि साऱ्यांनी तो उचलून धरला.

महाराजांनी जवळच्या म्हाताऱ्याला विचारले, "तुम्ही कशाला वाकलात?"

तो गोंधळला. "शेट वाकले न्हवं, म्हाराज. मग आमी कसं उभं ऱ्हावं?"

महाराजांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी भिवराबाईच्या ओल्या हातांना आपले मस्तक लावले. आशीर्वादासाठी वर उचललेला त्यांचा हात मात्र त्या गावावरून फिरला नाही.