परतीची खिडकी

सोलापुरात इराबत्ती आप्पांच्या साड्यांच्या दुकानांचा नियम एकच: साडी आवडली नाही तर आठ दिवसांत परत, कारण विचारणार नाही. थोरल्या दुकानातल्या परतीच्या खिडकीत आप्पा नव्वदाव्या वर्षीही स्वतः बसत.

साड्यांच्या घड्या घालता घालता वसुंधराबाई आप्पांच्या बावीसही दुकानांच्या मुख्य झाल्या होत्या. आप्पांचा नातू विनीत परदेशात शिकून आला. आप्पांनी बाईंना त्याच्या नेमणुकीचं सहीचं पत्र पाठवून त्याला त्यांच्या डोक्यावर बसवलं. त्यानं आल्या आल्या चाळीस जुन्या विक्रेत्या बायकांना घरी पाठवायचं ठरवलं. वसुंधराबाई आडव्या आल्या, तसा तो भर दुकानात ओरडला, "मालक आम्ही, नोकर तुम्ही. तुम्हीही चालत्या व्हा!"

बाईंनी त्याचा दंड धरला आणि गिऱ्हाइकांमधून ओढत थेट खिडकीपाशी नेलं. एकीच्या हातातली साडी गळून पडली.

"आप्पा, हे परत करायचंय."

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी सवयीनं तोंडातून निघालं, "पावती?"

बाईंनी ते नेमणुकीचं पत्र पुढं सरकवलं. "तारीख बघा. आज आठवा दिवस."

आप्पांनी चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. मग शिक्का उचलला आणि पत्रावर हाणला: परत घेतले.

"आप्पा!" विनीत किंचाळला. "निदान कारण तरी विचारा!"

"साठ वर्षांत कुणाला विचारलं नाही," आप्पा म्हणाले. "तू आत ये बघू. मागं गिऱ्हाइकं खोळंबलीत."