तांब्याच्या गडूतला सूर

एका राज्यात माणसांचं गुणगुणणं चोरीला गेलं. ते चोरांनी नेलं नाही. ज्यांचं होतं त्यांनीच ते नवे कपडे घालून, कुंकू लावून, मिरवत नेऊन दिलं. आणि ज्यांनी हे उंबऱ्यात उभं राहून पाहिलं, हातावरचा गूळ खाल्ला आणि तोंड पुसून घरात गेले, ते चोराहून मोठे अपराधी. त्यांना कुणीही शिक्षा केली नाही. म्हणून ही कथा सांगावी लागते.

त्या राज्याचा राजा विरागसेन. त्याची राणी ऐन तारुण्यात वारली. चितेला अग्नी देऊन राजा परतत होता, तेव्हा नदीवर एक परटीण धुणं आपटता आपटता आपल्याशीच गुणगुणत होती. गाणं नव्हे. काम करताना माणसाच्या ओठांवर आपोआप येतं, तेवढंच. राजा थांबला. म्हणाला, "माझं घर जळालं, आणि हिला सूर सुचतो?"

राजाच्या शेजारी धूम्रकेश नावाचा जादूगार चालत होता. तो म्हणाला, "महाराज, जिभेला बंदी घातली तर लोक लपून गुणगुणतील. सूरच माझ्या हवाली करा."

"कोठवर?"

"आपलं दुःख सरेपर्यंत."

राजाचं दुःख सरलं नाही. सरावं असं त्याला वाटलंही नाही.

तेव्हापासून त्या राज्यात सूरदानाची चाल पडली. आधी सगळ्या मोठ्या माणसांचे सूर घेतले, मग मुलांची पाळी आली. मूल बारा वर्षांचं झालं की त्याला न्हाऊ घालत, कपाळी कुंकू लावत आणि तांब्याच्या एका गडूत तोंड घालून एकदाच गुणगुणायला सांगत. मग झाकण बसवून वर लाख ओतत. गडू राजवाड्याखालच्या तळघरात जाई. शेजारी वाटलेला गूळ खात म्हणत, "चला, मार्गी लागलं पोर." मूल घरी येई आणि आपला सूर कोणता होता ते विसरून जाई. आपल्याला काय आवडत होतं, तेही हळूहळू विसरे.

कामं मात्र चालली होती. माग चालत होते, भाते चालत होते, शेतं पिकत होती. फक्त माणसं पायाकडून दगड होत होती. आधी बोटं, मग गुडघे, मग कंबर. पूर्ण दगड झालेलं माणूस घरचे लोक अंगणात उभं करत आणि त्याच्या खांद्यांवर धुणं वाळत घालत. विचारलं तर म्हणत, "वाईट काय आहे? वय झालं की होतंच."

अशा एका अंगणात सोनकी पाथरवटीण राहत होती. वय बावीस. झिजलेल्या जात्यांना छिन्नीने पुन्हा टाके घालायचे, हा तिचा धंदा. तिचे वडील हैबती हेच काम करत. आता ते ओट्यावर बसून असत, कारण छातीपर्यंत दगड झाले होते. आई पूर्ण दगड होऊन तुळशीपाशी उभी होती. तिच्या खांद्यांवर मात्र सोनकीने कधी धुणं टाकलं नाही.

एके सकाळी हैबतींचा डावा हात हलेना. सोनकीने छिन्नी-हातोडा कमरेला खोचला.

"आबा, तुमचा सूर घेऊन येते."

"येडी का तू? लोक काय म्हणतील?"

"लोक धुणं वाळत घालतील."

हैबती हसले, छाती दगडाची असल्याने त्यांना ते दुखलं. मग म्हणाले, "जा बये. पण माझ्यासाठी स्वतःचं काही सोडून येऊ नकोस. तुझ्या आईने सोडलं होतं. ती बघ, कुठे उभी आहे."

राजवाड्याच्या वाटेवर एका बाभळीवर साळुंकी बसली होती. ती इतकं सुंदर गात होती की सोनकीच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपल्यावर साळुंकी माणसासारखं बोलली.

"तळघराकडे निघालीस?"

"हो."

"दार उघडंच असतं. धूम्रकेश कुणाला अडवत नाही. तीन कामं सांगतो. तिसरं काम म्हणजे हजारो गडूंतून एक उचलून उघडायचा. त्यात स्वतःचा सूर निघाला तर तुझं भाग्य. दुसऱ्याचा निघाला तर पंख फुटतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला फुटले. मी कुंभाराची पोर. मला वाटलं, सर्वांत गोड सूर असेल तोच माझा. तो राणीच्या दाईचा निघाला. आता दिवसभर तोच गाते. लोक थांबून ऐकतात, वाहवा करतात. मला तो मुळीच आवडत नाही."

एवढं बोलून साळुंकी पुन्हा गाऊ लागली. तिला थांबता येत नव्हतं.

तळघराच्या दारावर अक्षरं कोरली होती: जोवर ज्याचं त्याला ओळखता येत नाही, तोवर हे माझं. दाराशी धूम्रकेश बसला होता. त्याचे केस धुराचे होते आणि वारा नसतानाही हलत होते.

"काय मागतेस?"

"सूर."

"तीन कामं कर. पहिलं: राजसभेत सूर्य मावळेपर्यंत बैस. लोक तुला विचारतील, आवडलं का? खरं ते सांग. प्रत्येक खोट्यापाठी एक बोट दगडाचं होईल."

सोनकी सभेत बसली. सरदाराने भरजरी शालू पुढे केला, आवडला का? "बोचतो." कवीने राजाच्या शोकावरची दोनशे कवनं वाचली, आवडली का? "पहिलं बरं होतं. बाकीची तेच सांगतात." सभा चिडली, कवी रडकुंडीला आला. दुपार टळली. मग एक थकलेली म्हातारी लटलटत आली. तिच्या हातात नाचणीचा लाडू होता.

"घे गं लेकी. सकाळपासून उपाशी आहेस. माझ्या हातचा आहे. चांगला झालाय ना?"

लाडू कडू होता. म्हातारीचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते.

"छान झालाय, आजी," सोनकी म्हणाली.

तिची डाव्या हाताची करंगळी थंड पडली आणि दगड झाली. वैऱ्यांशी खरं बोलणं सोपं असतं. आपण बुडतो ते मायेच्या माणसांपुढे, एकेका लाडवाने. सूर्य मावळला तेव्हा सोनकीची नऊ बोटं शिल्लक होती. तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या सकाळी धूम्रकेशाने दुसरं काम सांगितलं. "वाड्यात एक जातं आहे. शंभर पाथरवट आले, कुणाच्याही टाक्यांनी ते दळलं नाही. ते दळतं कर."

जातं बैलगाडीच्या चाकाएवढं होतं. त्याच्यावर शंभर कारागिरांच्या खुणा होत्या, सगळ्या सरळ, ओळीने, शिकवल्यासारख्या. देखरेखीला एक मुकादम होता. तो म्हणाला, "टाके सरळ घाल. तीच रीत आहे."

हैबतींनीही तिला सरळच शिकवलं होतं. सोनकी लहानपणी तिरके टाके घाली आणि आबा म्हणत, "पोरी, गिऱ्हाईक हसेल." ती सरळ घालू लागली. तिने पहिला टाका सरळ मारला. जातं गप्प. दुसरा मारला. जातं गप्पच. मग तिने छिन्नी खाली ठेवली, हात झटकले आणि दगडावर तळवा ठेवून बराच वेळ बसली. उठली ती छिन्नी तिरकी धरूनच.

"अगं ए! वाकडं चाललंय!" मुकादम ओरडला.

"माझा हात असाच चालतो, दादा."

"तुझ्या हाताला कोण विचारतं?"

"आज मी विचारतेय."

ठक-ठकठक, ठक-ठकठक. एक थांबून आणि दोन लागोपाठ. सोनकी दगडात रमली. मुकादमाला विसरली, धूम्रकेशाला विसरली, क्षणभर आबांनाही विसरली. शेवटचा टाका पडला तसं जातं आपोआप फिरलं आणि त्यातून पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं. आत धान्य कुणी टाकलं नव्हतं. मुकादम म्हणाला, "वाकडं ते वाकडंच," आणि पीठ भरायला पोतं आणायला गेला.

तिसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली. फळ्यांवर फळ्या, त्यांवर गडू, सगळे सारखे, सगळ्यांवर तीच लाख. एकावरही नाव नव्हतं. धूम्रकेशाने त्यांतला एक गडू उचलून तिच्यापुढे धरला.

"हा तुझ्या बापाचा. त्याचा दगड आता गळ्याशी पोचला आहे. दुपारपर्यंत ओठांवर येईल. हा गडू मीच उघडून देतो, तुला पंख फुटणार नाहीत. घरी जा. बाप जगेल."

"आणि मोबदला?"

"काही नाही. तू तुझा सूर शोधू नकोस. एवढंच."

सोनकी तीन पावलं पुढे गेली. तिने हातही पुढे केला. गडूचं तांबं तिच्या बोटांना लागलं आणि ते कोमट होतं, आबांच्या तळहातासारखं. तिला रडू आलं. तिने हात मागे घेतला.

"का?" धूम्रकेशाने विचारलं. त्याचे केस हलायचे थांबले होते.

"आबांना असा नको आहे. मी त्यांना विचारून आले आहे."

"मरेल तो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मग ती फळ्यांमधून धावू लागली. कोणता गडू उचलावा? तिला काहीच आठवत नव्हतं. बारा वर्षांची पोर काय गुणगुणत होती, ते बावीस वर्षांच्या बाईला कसं कळावं? मग तिला उमगलं की डोकं विसरलं असलं तरी हात विसरला नाही. तिने छिन्नी काढली आणि गडूंवर हलकेच वाजवत निघाली, आदल्या दिवशी दगडावर वाजली होती तशीच. ठक-ठकठक. गडू गप्प. ठक-ठकठक. गप्प. काही गडूंतून इतके गोड सूर पाझरले की पाय अडखळले. ती थांबली नाही. वर दुपार चढत होती.

अगदी खालच्या फळीवर, कोपऱ्यात, पोचा पडलेल्या एका गडूने आतून उत्तर दिलं: ठक-ठकठक.

सोनकीने लाख फोडली. आतून सूर निघाला. तो सूर म्हणवेल असाही नव्हता. दोनच स्वर, त्यांतला एक घोगरा, कावळ्याच्या पिलाला उचकी लागावी तसा.

धूम्रकेश खदखदून हसला. "यासाठी बाप घालवलास? हे तुझं?"

सोनकीला लाज वाटली. तिने काहीतरी बरं असेल असं धरलं होतं. तिने डोळे पुसले. मग तेच दोन स्वर तिने मोठ्याने, घोगऱ्या आवाजात गुणगुणले.

"हो," ती म्हणाली. "हे माझं."

दारावरची अक्षरं तडकली. सगळ्या फळ्यांवरची लाख एकदमच उलली. हजारो सूर मधमाश्यांच्या मोहोळासारखे उठले आणि वर, बाहेर, गावोगाव सुटले. बाभळीवरच्या साळुंकीचं गाणं अर्ध्यात तुटलं. तिचे पंख गळाले आणि कुंभाराची पोर झाडावरून खाली पडून पायाला लागलं म्हणून बोंबलू लागली. धूम्रकेशाचे केस विरले, मग चेहरा, मग अंगरखा. विझलेल्या चुलीचा वास तेवढा उरला.

नदीवर ती परटीण आता म्हातारी झाली होती. तिचा सूर तिला मिळाला आणि ती धुणं आपटत गुणगुणू लागली. राजा विरागसेनाने तो सज्ज्यातून ऐकला. तो खाली बसला आणि राणी गेल्यापासून प्रथमच रडला. रडून झाल्यावर त्याने सूरदानाची चाल मोडल्याची दवंडी पिटवली. क्षमा मात्र त्याने मागितली नाही. राजांना तेवढं जमत नसावं.

सोनकी धापा टाकत घरी पोचली. हैबती ओट्यावरच होते. दगड हनुवटीपर्यंत येऊन परत फिरला होता. गळा सुटला, छाती सुटली, हात सुटले, गुडघ्यांपाशी येऊन मात्र तो थांबला. तिथून खाली ते कायमचे दगड राहिले. ते तुळशीकडे बघत होते.

आईचा सूरही घरी आला होता. तो दगडाभोवती घुमत होता, कानाशी, ओठांशी, पुन्हा कानाशी. आत जायला त्याला वाट मिळत नव्हती. जे पूर्ण दगड झाले होते त्यांच्यापैकी कुणीही परत आलं नाही.

"हा तिचा," हैबती हळूच म्हणाले. "तीस वर्षं संसार केला. मी हा कधी ऐकलाच नव्हता."

सोनकी त्यांच्याजवळ बसली. सूर दुपारभर अंगणात फिरला. उन्हं कलली तसा तो पातळ होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. हैबतींनी तिचा हात धरला. दगडाची करंगळी त्यांच्या बोटांना लागली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "कशाने?"

"कडू लाडवाला मी छान झालाय म्हणाले."

"हं," ते म्हणाले.

गल्लीतून नाना तऱ्हेचे आवाज येत होते. कुणी भसाडं, कुणी बारीक, कुणी मध्येच अडकत. गोड असे फार थोडे. हैबतींनीही ओठ हलवून पाहिले. सूर निघाला, पण ते पहिल्याच स्वराला थांबले आणि कितीतरी वेळ पुन्हा तुळशीकडे बघत राहिले. मग त्यांनी तो पहिल्यापासून घेतला. सोनकीने मान खाली घालून ऐकला.

इतक्यात शेजारचा भिवबा कोष्टी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. चाळीस वर्षं माग चालवलेला, कमरेपर्यंत दगड झालेला माणूस आज आपल्या पायांनी चालत आला होता. तो बराच वेळ घुटमळला. मग खाकरून म्हणाला, "सोनके, सूर मिळाला गं. पण एक घोळ झालाय. मागावर बसून गुणगुणायला गेलो, तर येईचना. गोठ्यात गेलो तर आपोआप आला. मला माग कधी आवडलाच नव्हता बघ, मला म्हशी आवडतात. उद्यापासून म्हशी राखायला जातो म्हटलं, तर घरची म्हणते, या वयात शोभतं का? मी म्हटलं, शोभत नाही. पण जातो."