वांजुळवाडीची अळणी पंगत

घाटमाथ्यावरच्या वांजुळवाडीत पाहुण्याला जेवण पोटभर मिळते, पण अळणी मिळते. नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, वरून लसणाची फोडणी, सगळे जिथल्या तिथे. मीठ मात्र कशातच नाही. शहरातून डोंगर चढायला आलेली मंडळी पहिल्या घासाला एकमेकांकडे पाहतात. एखादा धीट माणूस म्हणतो, "मावशी, मीठ विसरलात वाटतं." मावशी म्हणतात, "इसरले न्हाई. मीठ ज्याचं त्यानं आणायचं असतंय." मग पाठपिशव्यांमध्ये शोधाशोध होते. चॉकलेट निघते, मलम निघते, मोबाइलचे दोन चार्जर निघतात; मीठ निघत नाही. अशा वेळी ओट्यावर बसलेले लुमाजीबाबा बांडे खाकरतात. गावकऱ्यांना हे खाकरणे ओळखीचे आहे. ते हळूच कामाला निघून जातात. पाहुण्यांना जाता येत नाही, कारण पान वाढलेले असते.

बाबा सांगतात ती हकिकत पेशवाई बुडून टोपीकरांचा अंमल नुकता बसला होता तेव्हाची. पिढ्यान्‌पिढ्या घाटाची राखण वांजुळवाडीच्या कोळ्यांकडे असे आणि वर चढणाऱ्या प्रत्येक बैलामागे ओंजळभर धान्य हा त्यांचा हक्क असे. नव्या सरकारला राखणदार नको होते. लुटायला कुणी उरूच नये अशी व्यवस्था ते स्वतःच करणार होते. हक्क गेला, आणि खेवजी लांघी चाळीसेक माणसे घेऊन डोंगरात शिरला.

खेवजीची थोरली बहीण ठमा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती माहेरी म्हाताऱ्या आईजवळ राहत होती. लढणाऱ्यांचे पोवाडे होतात; त्यांच्या भाकऱ्या कुणी थापल्या, हे विचारायचे शाहिरांना सुचत नाही. वांजुळवाडीत त्या ठमाने थापल्या. घरोघरचे पीठ गोळा करायचे, भाकऱ्या भाजायच्या, पाटीत तळाशी घालून वर गोवऱ्या रचायच्या आणि सरपणाला निघाल्यासारखे डोंगर चढायचे, हे तिचे काम.

खेवजीकडे तोड्याच्या बंदुका होत्या, गोफणी होत्या आणि डोंगर होता. सरकारकडे तोफा, दुर्बिणी आणि घोडदळ होते. शिवाय अख्खी पेशवाई गिळून साधी ढेकरही न दिल्याची कीर्ती होती. एकदा ठमाने भावाला विचारले म्हणे, "खेवा, एवढ्या मोठ्या सरकारला तू जिंकणार?"

"जिंकायचं कुणाला हाय, आक्का? त्याला कंटाळा आणायचा. त्यो पगारावर लढतोय. आज ना उद्या त्याला घर आठवंल. आपलं घर हितंच हाय."

"आन् आधी आपल्यालाच कंटाळा आला तर?"

खेवजी हसला आणि त्याने आणखी एक भाकरी मागितली.

पहिली दोन वर्षे खेवजीचे म्हणणे खरे ठरत होते. तोफ मोठी असली तरी तिला वाट लागते. खेवजीला पायवाटही लागत नसे. पहिल्या कप्तानाने चिडून गाव जाळले. त्याचा परिणाम एवढाच झाला की ज्यांचे घर जळाले त्यांना घरी बसायचे कारण उरले नाही, आणि डोंगरातली माणसे वाढली. कप्तानाची बदली झाली.

या टोळीचा एकच नियम होता. घाटाईदेवीच्या ठाण्यापुढे खेवजीच्या तळहातावरचे मीठ चाटून प्रत्येकाने शपथ घेतली होती, की ज्याचे मीठ पोटात गेले त्याच्यावर हात उचलायचा नाही. उचलायचाच झाला तर आधी ते मीठ फेडायचे आणि फेडले असे त्याला तोंडावर सांगायचे. नियम इतका कडक, की एखाद्या सावकाराकडे कधीकाळी जेवलेला माणूस त्या सावकारावरच्या छाप्यातून बाजूला बसे. हे कळल्यावर खालच्या मुलखातले सावकार एकाएकी उदार झाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बोलावून मीठ घातलेले ताक पाजू लागले. खेवजीच्या माणसांना आपल्याच मुलखात तहान मारून चालावे लागे.

मग दुसरा साहेब आला. किडकिडा, तापाने पिवळा पडलेला, उन्हातही आणि सावलीतही छत्री घेऊन हिंडणारा. त्याने तोफा आणल्या नाहीत. त्याने काहीच जाळले नाही. त्याने फक्त घाटाच्या पायथ्याशी पहारा बसवला आणि कोकणातून मीठ घेऊन येणारे लमाणांचे बैल वर सोडायचे बंद केले.

डोंगर सगळे देतो. कंद देतो, मध देतो, ससा देतो. मीठ देत नाही. पावसाळाभर गावाने अळणी खाल्ले. आधी त्याची थट्टा झाली. मग बायांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. शेरडे लोकांच्या घामट पाठी चाटायला धावू लागली. मिठाच्या जुन्या वखारीच्या जागेची माती उकळून तिचे पाणी आमटीत घालू लागले. ठमाची आई अंथरुणाला खिळली होती. ती रोज एकच मागणे मागे, "ठमे, येकदा खारट आमटी कर गं. मग मी जाते."

भात कापणीला आला तेव्हा छत्रीवाला साहेब गावात आला आणि वडाखाली खुर्ची टाकून बसला. मागे मिठाची पोती. घरामागे एक शेर मीठ, फुकट. ठमा गर्दीत उभी होती. आता हा विचारणार, खेवजी कुठे आहे. आता विचारणार, भाकऱ्या कोण पोचवते. साहेब कुणालाच काही विचारीना. स्वतःच्या हाताने माप भरी आणि पुढच्या बाईला बोलावी. घर जाळणारा साहेब ठमाला समजला होता. हा समजेना.

"काय गं, काहीच इचारत न्हाई?" तिने शेजारच्या धोंडाबाईला विचारले.

"इचारंल तवा बघू," धोंडाबाई म्हणाली. तिने पदरातल्या मिठाचा खडा तोंडात टाकला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

ठमाने आईसाठी पदर पसरला. आईने खारट आमटी खाल्ली, वाटी चाटली, आणि मागणे मागून मिळाले तरी ती गेली नाही; उलट उठून बसली. उरलेल्या मिठाकडे ठमा बराच वेळ पाहत राहिली म्हणे. टोळीचा नियम तिला ठाऊक नव्हता असे नाही. पण तिने विचार केला, नियम माणसामाणसांतला, टोपीकर त्यात कुठे बसतो? आणि हे मीठ त्याचे तरी कुठे? आपलेच अडवले आणि आपल्यालाच वाटले. हा विचार बिनचूक होता. अशाच विचारांनी माणसाचा घात होतो.

त्याच आठवड्यात साहेब नाळेतून खाली उतरणार अशी खबर आली. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली बोळासारखी वाट. जेमतेम एक घोडे जाईल एवढी. खेवजीने वरच्या काठावर धोंडे रचले आणि एकेका पहारीमागे एक अशी निवडक चाळीस माणसे बसवली. सकाळी ठमा पाटी घेऊन वर पोचली. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा होता. चाळीस माणसे पहिल्या घासाला थबकली, आणि मग अशी तुटून पडली की ठमाला हसू फुटले.

"आक्का, मीठ!" खेवजी बोटे चाटत म्हणाला. "लमाण आले का काय वर?"

लमाण आले, एवढे म्हटले असते तर भागले असते. पण ठमाला आपल्या युक्तीचा अभिमान वाटत होता. "साहेबाचं हाय," ती म्हणाली. "त्याच्याच मिठावर त्याला मारा."

चावणारी तोंडे थांबली. एकाने घशात बोट घालून पाहिले, पण मीठ असे परत निघत नाही.

"आरं, आपलंच मीठ त्ये!" ठमा म्हणाली. "त्यानंच अडवलं आन् त्यानंच दिलं. मग त्याचं कसं झालं?"

"कुणाच्या हातून घेतलंस?" खेवजीने विचारले.

"त्याच्या."

"मग त्याचंच."

एवढ्यात खाली घोड्याची टाप वाजली. नाळेत आधी छत्री दिसली, मग साहेब. मागे शिपाई, पण दूर, वाटच तशी. ठमा काठाशी पालथी पडून पाहत होती. साहेब धोंड्यांच्या बरोबर खाली आला आणि नाक शिंकरायला थांबला. ठमाने मान वळवून पाहिले. चाळीस माणसे पहारींवर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहत होता. तिने स्वतः एका धोंड्याला खांदा लावला. धोंडा बाईच्या खांद्याने हलणारा नव्हता. साहेबाने रुमाल खिशात ठेवला, छत्री सावरली आणि तो नाळेतून पार झाला. आपण कशातून वाचलो, याची त्याला दादही नव्हती.

ठमाला वाटले, निदान आता फिटले. साहेबाला जिवंत सोडले. शेरभर मिठाला आणखी काय हवे? खेवजीचेही मत तेच होते. म्हणूनच तो उठला, बंदूक दुसऱ्याकडे दिली आणि पागोटे नीट बांधू लागला.

"कुठं चाललास?"

"सांगायला. मीठ फेडलं, उद्यापासनं पुन्यांदा लढाई. न सांगता धोंडा टाकला तर त्यो दगा हुईल."

"खेवा, त्याला मिठातलं काय कळतंय?"

"त्याला नको कळू दे. मला कळतंय ना."

ठमा त्याच्या मागे मागे छावणीपर्यंत धावली. पाया पडली, शिव्या घातल्या, आईची आण घातली. तो थांबला नाही. जाऊन साहेबासमोर उभा राहिला आणि जे सांगायचे ते सांगितले. दुभाष्या होता. त्याने शब्दाला शब्द लावून इमानाने सांगितले, असे लुमाजीबाबा म्हणतात. दुभाष्यावर उगाच आळ नको. साहेबाला सगळे कळले, मिठाचे सोडून. त्याने एकच गोष्ट पुन्हा विचारून घेतली.

"म्हणजे आज नाळेवर धोंडे घेऊन तूच बसला होतास?"

"व्हय. म्यांच."

यापेक्षा चांगला कबुलीजबाब सरकारला अजूनपर्यंत मिळालेला नसेल. दिवस मावळायच्या आत छावणीतल्या आंब्याला खेवजीला फाशी दिले.

ठमाला हे सगळे डोळ्यांसमोर होऊनही खरे वाटेना. निरोप सांगायला आलेल्या माणसाला मारतात? आणि ज्याने सकाळीच साहेबाला जिवंत सोडले त्याला? ती शिपायांना पुन्हा पुन्हा विचारत होती, "आवो, पण त्यो सांगायला आला व्हता न्हवं?" शिपाई आपल्याच मुलखातले होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते. ती रडली नाही म्हणे. डोळ्यांतले पाणी खारट असते, आणि त्यातले मीठ कुणाचे हे तिला ठाऊक होते.

घरी येऊन तिने उरलेले मीठ ओढ्यात ओतले आणि दारोदार जाऊन बाकीच्यांनाही ओतायला लावले. धोंडाबाईने आधी नाही म्हटले, मग ठमाचे तोंड पाहून मडके आणून दिले. ठमाने अळणी भाकऱ्या थापल्या आणि डोंगर चढली. माणसांना घास गिळवेना. तेव्हा तिने आधी स्वतः खाल्ले आणि म्हणाली, "हितनं पुढं मीठ ज्याचं त्याचं. कुणी कुणाच्या पानात घालायचं न्हाई आन् कुणी कुणाच्या हातचं घ्यायचं न्हाई. माजा भाऊ इमानानं गेला. आता दुसरा जायला नको."

त्यानंतर टोळी आणखी सहा-सात वर्षे लढली. मीठ न खाता माणूस सहा-सात वर्षे कसा जगतो, असे पाहुण्यांतला एखादा डॉक्टर विचारतो. बाबा म्हणतात, "लमाणांकडनं इकत घेत व्हते की, आडवाटेनं. इकत घेतलेल्या मिठाला इमान नसतंय." छत्रीवाला साहेब पुन्हा एकदा नाळेतून गेला. तो वाचला की नाही याबद्दल गावात दोन मते आहेत. छत्री मोडून ओढ्याला लागली, याबद्दल एकच आहे. शेवटी सरकारने आपला तळ हलवला आणि घाटाच्या राखणीचा हक्क वांजुळवाडीला परत दिला. सरकार कधी हरत नसते. ते फेरविचार करते.

"म्हणजे तुम्ही जिंकलात!" पाहुणे म्हणतात. ठमा तो हक्क घ्यायला गेली नाही, एवढेच बाबा सांगतात.

वांजुळवाडीत आजही लग्नाच्या पंगतीला माणसे स्वतःचे मीठ घेऊन बसतात; बाया पदराच्या गाठीत, पुरुष कनवटीला, हल्लीची पोरे प्लास्टिकच्या पुडीत. निवडणूक आली की पुढारी येतात, बोकड कापतात, गावजेवण घालतात. गाव जेवायला जातो. जेवू नका असे ठमाने कुठे सांगितले आहे? गेल्या खेपेस मात्र आचारी बाहेरचा होता आणि त्याने रश्शात मीठ आधीच घातले होते. पहिला घास घेतला आणि अख्खी पंगत, हातातली भाकरी तशीच पानात ठेवून, उठली. पुढारी हात जोडून एकेकापुढे धावत होते, "अहो, काय चुकलं? सांगा तरी!"

कुणीही सांगितले नाही. सांगायला गेलेल्या माणसाचे काय होते, ते वांजुळवाडीला ठाऊक आहे.