झोळी आणि बादली

“...मग चुकतंय तरी कुठं, बाबा? तेवढं एकदा सांगून टाका.”

शर्वरी डांगे बाईंनी हे विचारलं आणि पदरानं गळ्यावरचा घाम टिपला. ऊन चढत चाललं होतं. नदीकाठच्या मठीत वाऱ्याचा पत्ता नव्हता.

सोमपुरी गोसावी ओट्यावर बसून आपल्या झोळीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशात चुकतंय?”

“अर्जात. या वर्षी तीन ट्रस्टांकडे अनुदान मागितलं. तिन्हीकडून नकार.”

डांगे बाई ‘शेजार’ संस्थेच्या सचिव. संस्था म्हणजे काय, तर एक स्वयंपाकघर, दोन बायका आणि एक सायकल. गावात जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांच्या घरी दुपारचा डबा पोचवायचा, एवढंच तिचं काम. मागचं अनुदान संपत आलं होतं. आता हा चौथा अर्ज फसला, तर महिनाअखेर चूल बंद होणार होती.

अर्ज लिहिण्यात बाईंचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. हे बाई स्वतःच सांगत असत.

त्यांनी पिशवीतून फाईल काढली आणि बाबांच्या पायाशी ठेवली. त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत. कुठलाही कागद गावाबाहेर जायचा असला की आधी मठीत यायचा.

“हात लावा, बाबा. संध्याकाळी पाठवायचाय.”

बाबांनी हात लावला नाही. सुई चालूच.

“यात काय मागितलंयस?”

“स्मरणशक्ती. म्हणजे या ट्रस्टला मेंदूचं आरोग्य लागतं. म्हणून ज्येष्ठांसाठी बुद्धीचे खेळ लिहिलेत.”

“आणि मागच्या ट्रस्टाला?”

“त्यांना पर्यावरण लागायचं. गच्चीवरची बाग लिहिली होती.”

“त्याच्या आधी?”

“शिवणकाम. आणि त्याच्या आधी योगासनं.” बाई जरा खुलल्या. “त्याच्याही आधीचा एक मंजूर झाला होता हं, बाबा. डिजिटल साक्षरतेचा. सगळ्या आजी-आजोबांना टॅबलेट दिले. फोटो काय सुंदर आले होते.”

“आणि डबा कुठंय?”

“आहे की. सातव्या पानावर. पूरक उपक्रम म्हणून.”

बाबांनी दातानं दोरा तोडला. झोळी झटकली आणि बाईंच्या खांद्याला अडकवली.

“चल. भिक्षेची वेळ झाली. आज तू मागायचं.”

“मी?”

“अर्जात तुझा हात कुणी धरत नाही म्हणतेस ना...”

बाईंची साडी कडक इस्त्रीची. गावात चार लोक ओळखणारे. पण बाबांना नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात कुणाची छाती नव्हती. त्यांनी फाईल पिशवीत टाकली आणि निघाल्या.

वाटेत बाबांनी रीत सांगितली. “दारात उभं राहायचं. नारायण म्हणायचं. काय हवं ते सांगायचं. मिळालं तर घ्यायचं, नाही तर पुढं चालायचं.”

एवढं कुणाला जमणार नाही? बाईंना जमलं नाही.

पहिल्या दारात एक सूनबाई आली. बाईंनी घसा साफ केला.

“नमस्कार. हे सोमपुरी बाबा. गेली कित्येक वर्षं आपल्या परिसरात त्यांचं वास्तव्य आहे. समाजाच्या सर्व थरांत त्यांना आदर आहे. आपण आज जे सहकार्य कराल, त्यातून एका प्राचीन परंपरेचं जतन होणार आहे. शिवाय आपल्या घरातल्या लहानांवर दानाचा संस्कार...”

सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. अगदी मान हलवत ऐकलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “घरात विचारते आणि कळवते.”

दार लागलं.

बाई बाबांकडं बघायचं टाळत पुढं चालू लागल्या. हे वाक्य त्यांनी अलीकडं फार ठिकाणी ऐकलं होतं.

दुसरं दार प्लॅस्टिकच्या दुकानाच्या मालकाचं. माणूस मोठा हौशी. बाईंनी तोंड उघडायच्या आतच तो बाहेर आला.

“बाबा, स्वयंपाक व्हायचाय अजून. पण हे बघा, दुकानाला दहा वर्षं झाली म्हणून बादल्या वाटतोय आम्ही. घ्या एक. फक्त एक फोटो काढू या.”

बादली लालभडक होती. तिच्यावर दुकानाचं नाव भल्यामोठ्या अक्षरांत होतं. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. फोटोसाठी नाव पुढं येईल अशी धरली. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

“आभारी आहोत,” बाई म्हणाल्या. “पाणीसाठवणीच्या दृष्टीनं फारच उपयोगी आहे.”

गल्लीच्या वळणावर बाबांनी बादली त्यांच्याकडून घेतली आणि स्वतःच्या हातात धरली.

“घ्यायला नको होती का?”

बाबा चालत राहिले.

“नाही कसं म्हणायचं, बाबा? समोरून देत होता तो...”

“भूक लागलीय का तुला?” बाबांनी विचारलं.

लागली होती. सकाळपासून बाईंच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. उन्हानं डोकं भणभणत होतं, चपलेचा अंगठा तुटायला आला होता. दोन दारं झाली होती आणि झोळी रिकामी होती.

तिसरं दार उघडंच होतं. आत जमिनीवर एक म्हातारी जेवायला बसत होती. एकटीच.

बाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. भाषण आठवेना.

“नारायण,” त्या म्हणाल्या. “आजी... भूक लागलीय.”

म्हातारीनं वर पाहिलं. काही विचारलं नाही. ताटातली भाकरी उचलली, मोडली आणि अर्धी पुढं केली. वर थोडी वांग्याची भाजी घातली.

बाईंनी झोळी पसरली आणि तशाच थिजल्या. ताटाशेजारी डबा होता. त्याच्या झाकणावर हिरव्या रंगाचा ठिपका होता. सगळ्या डब्यांवर असा ठिपका मारून घ्यायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. डबा त्यांच्या ओळखीचा होता. म्हातारी नव्हती. बाई कधी डबे घेऊन फिरल्याच नव्हत्या. त्यांना अर्ज लिहायचे असत.

“आजी, हे तुमचं जेवण आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तुम्हालाच पुरायचं नाही.”

“पुरतं गं. डबा येतो मला. एक पोरगी आणते सायकलवरून. गोड पोरगी आहे.” म्हातारीनं पदरानं हात पुसला. “मधे फार उशीर व्हायचा. तीन-तीन वाजायचे. ते मोबाईलसारखं काय शिकवत होते ना, त्यात ही पोरगीसुद्धा गुंतायची. तेव्हा मात्र हाल झाले हो. शुगरची गोळी घेतलेली असायची, हातपाय कापायचे. पण बोलायचं कसं? ती बिचारी शिकवायला आलेली.”

म्हातारीनं भिंतीकडं बोट दाखवलं.

“मलाही दिलंय त्यातलं एक. फडताळात आहे. तुला हवं असलं तर घेऊन जा, बाई. मला काय करायचंय ते?”

बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. म्हातारीला वाटलं, भुकेनं आलं असेल. तिनं उरलेल्या अर्ध्यातला आणखी एक तुकडा मोडला आणि झोळीत टाकला.

नदीवर आल्यावर बाबा घाटाच्या पायरीवर बसले. झोळीतली भाकरी काढून दोन वाटे केले. एक बाईंच्या हातावर ठेवला.

“जेव आधी.”

दोघं जेवले. वांगं तिखट होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाजीची चव बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

हात धुऊन त्यांनी फाईल उघडली. सातवं पान बाहेर काढलं. मग पेन काढून ‘पूरक उपक्रम’ खोडलं आणि ते पान सगळ्यांच्या वर ठेवलं. बाकीच्या पानांची सुरळी करून पिशवीत कोंबली.

“हे एवढंच पाठवलं तर हसतील ते, बाबा.”

“हसू देत.”

“त्यांना मेंदू लागतो.”

“आणि तुला?”

“डबा.” बाईंनी पानावरून हात फिरवला. “वेळेवर पोचलेला डबा.”

बाबांनी तेव्हा कुठं हात पुढं केला आणि त्या एकट्या पानाला लावला.

पाण्यावर ऊन स्थिर होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. बाईंनी पान नीट पिशवीत ठेवलं. पण त्या उठल्या नाहीत. मनातलं अजून निघालं नव्हतं.

“बाबा... आणि यांनीही नाही म्हटलं तर? महिना संपत आलाय. ती आजी... त्या सगळ्यांनी काय खायचं?”

बाबा पाण्याकडं वाकले.

त्यांनी झोळी पाण्यात खळबळली, पिळली, झटकून तिची घडी घातली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

बाई त्या ओल्या घडीकडं बघत राहिल्या. मग हळूच त्यांनी ती उचलली आणि छातीशी धरली. इस्त्रीच्या साडीवर ओल उमटली, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही.

“पण ही तुमची झोळी, बाबा,” त्या म्हणाल्या. “उद्या तुम्ही भिक्षा कशात मागणार?”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पायरीवरची लालभडक बादली त्यांनी उचलली, पाण्यात बुडवून स्वच्छ धुतली आणि मठीकडं चालू लागले.

“ही आहे ना.”