शेंड्यातला मुकादम

मोहोळवाडीत गेनबा नावाचा एक भोळासांब राहत होता. ‘येताना दार लाव’ म्हटलं, की हा आधी दार लावायचा आणि मग बाहेरच उभा राहायचा. असल्या माणसाला कामावर कोण ठेवणार? ठेवलं, गावाबाहेरच्या संशोधन केंद्रातल्या सबनीसबाईंनी. सांगितलं तेवढंच करणारा माणूस हवा, असं त्यांनी देवाकडे मागितलं होतं. देवाने मनापासून ऐकलं.

पॉलीहाऊसमध्ये टोमॅटोचं एक झाड होतं.

“गेनबा, हे एकच जगलंय बघ,” बाई म्हणाल्या. “याचं बी हाती लागलं तर आपलं काम पुढे चालेल. नाहीतर केंद्राला कुलूप, आणि आपण दोघं घरी.”

“एवढं काय आहे यात?”

“याच्या शेंड्यात होमिओबॉक्सची जनुकं आहेत. मुकादमच समज. बाकीच्या जनुकांना उठवायचं, झोपवायचं, हे त्यांचं काम. तू पान हो, तू खोड हो, तू जरा थांब. या झाडात मात्र मुकादम पानात शिरूनही हुकूम सोडतोय. म्हणून पानाला पान फुटतंय. हुकूम बरोबर, जागा चुकीची.”

“असतात हो बाई असली माणसं,” गेनबा हळहळला.

बाई म्हणाल्या, “शेंड्याला हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं.”

दुपारी एक शेळी आत शिरली. गेनबाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. शेळीने शेंडा खाल्ला, अगदी चवीने खाल्ला.

“अरे मेल्या, बघत काय राहिलास?” बाई ओरडत आल्या.

“मी हात लावला नाही, बाई. तिनं तोंड लावलं.”

“शेंड्याजवळ कुणी तोंड आणलं, तर काठी घालायची!”

“असं आधी सांगायचं की.”

नशीब, झाड गेनबापेक्षा शहाणं होतं. पानाच्या बगलेतून नवा फुटवा आला. म्हणजे तिथे नवा मुकादम कामाला लागला. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढे फुलं आली, आणि एक फळ धरलं. एकच, पण धरलं.

ते बघायला केंद्राचे ढोबळेसाहेब आले. नाकावर चष्मा चढवून शेंड्यापाशी वाकले. गेनबाने पाठीत काठी घातली.

“गेनबा! अरे, साहेब आहेत ते!”

“तोंड त्यांनीच आणलं, बाई.”

“मोठी माणसं आली की नमस्कार करायचा! मागतील ते दाखवायचं! काही म्हणून लपवायचं नाही!”

“असं आधी सांगायचं की.”

मग शहरातून तपासणी समिती आली. फळ अजून कच्चंच होतं. आठवडाभरात पिकलं असतं. बाई चहाचं बघायला गेल्या, तेवढ्यात समितीचे अध्यक्ष हसत म्हणाले, “काय हो, बाईंचा तो मुकादम कुठे असतो? आम्हालाही दाखवा की.”

गेनबाने वाकून नमस्कार केला आणि कोयता काढला.

आधी शेंडा कापला. उभा चिरला. आत कुणी नाही. पानातही हिंडतो म्हणे, म्हणून झाडून सगळी पानं खुडली. तिथेही नाही. खोड सोललं, मुळं उपटून झटकली. शेवटी ते एकुलतं एक फळ फोडलं आणि कोवळं बी नखाने चिरडून चिरडून पाहिलं. कुणीच नाही! आता बाईंचं कसं व्हायचं? केंद्राला कुलूपच की!

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. समोरचं बघितलं आणि ट्रे हातातून सुटला.

गेनबा धावत गेला आणि त्यांच्या कानाशी लागला, “बाई, घात झाला. ऐन तपासणीला मुकादम पळाला. पण तुम्ही घाबरू नका, मी सांभाळून घेतलंय. अध्यक्षसाहेबांना सांगितलं, जागा रिकामी झालीच आहे, तर माझा मेव्हणा घरी बसून आहे. उद्यापासून त्याला शेंड्यात लावून घ्या.”