कणीसरावांनी घातलेलं जेवण

माणसं एकमेकांना पत्रं लिहीत, त्या काळची गोष्ट. एका अल्बमात ज्वारीचं कणीस छापलेलं एक कोरं टपाल तिकीट राहत असे. बाकीची तिकिटं त्याला थट्टेनं कणीसराव म्हणत, आणि राव ते खरंच मनावर घेत. "माझ्यावर देश जगतो," असं ते शेजारच्या कापसाच्या तिकिटाला उठताबसता ऐकवत. कापूस ऐकून घेई. त्यानं तरी कुणाला कधी सदरा घातला होता!

एके दिवशी कागद कुरतडणारी एक कसर पानांतून सरपटत आली. पोट खपाटीला गेलेलं. "राव, तुम्ही देश पोसता म्हणे. मला चार दाणे द्या."

सगळा अल्बम बघत होता. आता नाही कसं म्हणणार? रावांनी छाती पुढे काढली. "घे, पोटभर खा."

कसरीनं कणसाला तोंड लावलं आणि थू थू केलं. "अहो, ही तर नुसती शाई! कडू जहर!"

कापूस खुदकन हसला. रावांना तोंड कुठे लपवावं कळेना. तेवढ्यात कसर त्यांच्या मागे गेली. "अगंबाई, इथे डिंक आहे की!" तिनं तो चाटूनपुसून खाल्ला, ढेकर दिला आणि निघून गेली.

डिंक गेला, तशी पाकिटावर चिकटायची आशाही गेली. पण पुढे एखादं नवं तिकीट कणीस पाहून हात जोडू लागलं, की रावच हसून म्हणत, "पुढून पाहू नकोस रे. पुढून मी नुसत्या बाता मारल्या. उभ्या जन्मात एकीचंच पोट भरलं, ते या उघड्या पाठीनं."